बलुची जास्त की लाटवियन?

भाडेकरू खोली बघायला आला की कुठलाही घरमालक विचारतो, माणसं किती, नोकरी कुठे, मासळी खाता का. आमचे घरमालक विचारायचे, "बलुची जास्त कीं लाटवियन?"

समोरचा गडबडायचा. एकाला वाटलं हे काहीतरी खाण्याचे प्रकार आहेत. तो म्हणाला, आम्ही घरी साधंच जेवतो. एकाला वाटलं फरशीची नावं आहेत, तो वाकून जमीन बघायला लागला. नागपूरकडचा एक बँकेतला माणूस बायकोला घेऊन आला होता. तो हुशार निघाला. या भाषा आहेत आणि कुठली बोलणारे जास्त असं विचारतायत, हे त्याने ओळखलं.

"लाटवियन जास्त असणार," तो म्हणाला.

"कां बरें?"

"नाव ऐकल्यासारखं वाटतं."

"नांव ऐकलें म्हणून मोठी? बरें. नमस्कार."

आणि दार लावून घेतलं. गच्चीवरची ती खोली पुढे दोन वर्षं रिकामी होती. तिच्यात कबुतरं राहिली. त्यांना कोणी काही विचारलं नाही.

आम्ही त्या घरात आलो तेव्हा हा प्रश्न अजून निघाला नव्हता, म्हणून आम्हाला जागा मिळाली. आमच्या ह्यांना गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात काम लागलं होतं, आणि तिकडे जाणारी गाडी मद्रासच्या तिरुवोट्रियूरला थांबते, म्हणून तिथे घर बघितलं. मी सांगलीकडची. चौथी शिकलेली. तमिळ एक अक्षर येत नव्हतं. मालक मराठी आहेत असं कळल्यावर मी देवाला हात जोडले, आणि ते पहिल्यांदा बोलले तेव्हा पुन्हा जोडले, कारण ते काय म्हणाले ते मला कळलंच नाही. पोथीत लिहिलेलं कोणी तमिळच्या हेलात वाचून दाखवावं तशी त्यांची मराठी. "तुम्हांस पाणी सकाळींच येतें, सांजेस नाहीं," एवढंच ते म्हणाले होते. मी ह्यांना विचारलं, देवळात कधी जायचं म्हणतायत?

त्यांचे पूर्वज कोण्या काळी तंजावरला आले, तिथून मद्रासला. गल्लीतले लोक त्यांना 'रायर' म्हणायचे. आम्ही 'राव' म्हणायचो. अंगाने किडकिडीत, कपाळाला गंध, आणि उघड्या अंगावर खिसा नसल्यामुळे पेन कानावर. जॉर्ज टाउनमध्ये जहाजांची कामं बघणाऱ्या एका कचेरीत त्यांनी सगळी नोकरी कारकुनीत काढली. जहाज सुटायच्या आधी खलाशांची यादी करायची, हे त्यांचं काम. नाव, गाव, वय, भाषा. निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात. रावांनी रकाने आखणं चालू ठेवलं.

एक लांब वही होती. डावीकडे बलुची, उजवीकडे लाटवियन. पेपरात कुठे काही आलं, कोणाच्या मोबाइलवर काही सापडलं, की वहीत आकडा चढायचा. आकडे मी कधी लक्षात ठेवले नाहीत, त्यामुळे इथे सांगणार नाही. एवढं माहीत आहे की बलुची बोलणारे लाटवियनच्या कितीतरी पट आहेत, आणि ही गोष्ट रावांना पहिल्याच आठवड्यात कळली होती. मग रोज काय मोजता, असं मी एकदा विचारलं.

"बाई, लाटवियनचा आंकडा सगळीकडे जवळजवळ सारखा येतो. बलुचीचा प्रत्येक ठिकाणीं निराळा. कोठें इतके, कोठें त्याच्या दुप्पट. कां? सांगा पाहूं."

"कोणी नीट मोजलं नसेल."

राव खुर्चीतून अर्धे उठले. "हें! हेंच! ज्यास देश त्यास मोजणी. लाटवियन बोलणाऱ्यांचा देश आहे, तो आपलीं माणसें बोटांवर मोजतो. बलुची तीन देशांत वाटले गेलेले. कोण मोजणार? पाकिस्तान म्हणतो इराणास विचारा, इराण म्हणतो अफगाणांस विचारा."

"बरं. मग त्यात आपलं काय अडलं?"

यावर ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ सोडायला खाली आले तेव्हा म्हणाले, "तुम्ही चौथीपर्यंतच कां शिकलां?" मी म्हटलं, "पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती." तेही त्यांनी वहीत लिहिलं की काय, कोण जाणे.

गल्लीत सगळ्यांना हे माहीत होतं. पालेभाजीवाली टोपली उतरवून आधी हाक मारायची, "रायरे, इन्निक्कि यारु जास्ती?" म्हणजे, आज कोण जास्त? राव वरून ओरडायचे, "बलुची!" ती म्हणायची, "मग दोन जुड्या घ्या." 'जास्ती' हा शब्द तमिळला आपण दिला, असंही ते तिला दर दोन-चार दिवसांनी सांगायचे. ती म्हणायची, परत पाहिजे का?

आता एवढा सगळा बलुचीचा पुळका कशासाठी, ते सांगते. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही वीज गेली होती म्हणून. दुपारची वेळ, पंखा बंद, वरती बसवेना, म्हणून ते आमच्या ओसरीवर येऊन बसले होते.

जुन्या नोकरीतली गोष्ट. एक खलाशी यादीत घालायचा होता. त्याने भाषा सांगितली, बलुची. साहेब म्हणाला, असा देश नाही, फारसी लिहा. रावांनी फारसी लिहिलं. अंगठा घेण्याआधी यादी वाचून दाखवायची पद्धत होती, ती वाचली. नाव बरोबर, गाव बरोबर. भाषा ऐकल्यावर त्या माणसाने हात मागे घेतला आणि ओरडायला लागला. काय ओरडतोय ते कचेरीत कोणालाच कळेना.

"मज एक शब्द कळला नाहीं, बाई. पण एवढें कळलें, कीं ही फारसी नव्हे. आमच्या कचेरींत फारसी ऐकलेली होती. माणसास राग आला कीं आंतून जी बाहेर येते, ती त्याची भाषा. मोजणीची खरी पद्धत हीच."

"मग खोडून बलुची लिहिलंत?"

ते हाताने वारा घेऊ लागले.

"जहाज सुटायचें होतें. मीं त्याचा अंगठा धरला आणि टेकवला."

"म्हणजे त्याचा राग तुम्हाला कळला, आणि तरी तुम्ही—"

"तेंच सांगतों आहें ना? माझ्या हातून एक कमी झाला."

 समजूत घालायला मला येत नाही, आणि चुकीचं केलं होतं ते केलंच होतं. वीज आली, ते वर गेले.

ही रागाची परीक्षा ते सगळ्यांची घ्यायचे. मैलापूरहून त्यांच्या नात्यातला एक माणूस लग्नाची पत्रिका घेऊन आला. तंजावरचाच, मराठीच. रावांनी त्याला बसवलं, कॉफी दिली आणि म्हणाले, "मजवर रागावून दाखीव." तो म्हणाला, कशाबद्दल? "कशाबद्दलही. मीं तुझ्या लग्नास येत नाहीं, समज." त्याने दोनदा तोंड उघडलं, मिटलं, आणि शेवटी 'प्लीज अंकल' म्हणाला. राव लग्नाला गेले नाहीत. त्या लोकांची बोली भ्रष्ट झाली आहे, असं त्यांचं मत. त्यांच्या मताने शुद्ध बोली फक्त त्यांच्या घराण्याची, आणि ती बोलणारी माणसं तीन: ते, त्यांची बायको, आणि अड्यारला राहणारी त्यांची मोठी बहीण. मुलगा कोइमतूरला असतो. त्याच्या घरात तमिळ. त्याला त्यांनी पुष्कळ आधीच वजा केलं होतं.

बायको गेली त्या दिवशी घरात माणसं जमली होती. राव कोपऱ्यात बसून होते. कोणी जवळ आलं की म्हणायचे, "एक कमी झाली. आतां दोघे राहिलों." लोकांना वाटायचं, म्हणजे हा आणि मुलगा. बरोबरच आहे, असं म्हणून ते पाठीवर हात फिरवायचे. मला माहीत होतं ते काय मोजतायत. मला राग आला होता. पण मयताच्या घरी कोण बोलणार?

बहिणीला सगळे अक्का म्हणतात. ती रावांपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. जाड भिंगाचा चष्मा, गुडघे गेलेले, आणि तोंड एकदम शाबूत. राव महिन्यातून एकदा अड्यारला जायचे. ब्रॉडवेला बस बदलून जायचं, दुपारचं जेवायचं, परत यायचं. पुढे अक्काचा नातू डॉक्टर व्हायला लाटवियाला जायचा ठरला. त्याच्या निरोपाच्या जेवणाला रावांनी आम्हा दोघांनाही नेलं. आमच्या डोळ्यांसमोर सगळं झालं.

अक्का फार खुशीत होती. नातवाने तिला तिकडचा एक शब्द शिकवून ठेवला होता. वाढलं की ती म्हणायची, "पाल्दिएस." म्हणजे आभार. राव एकदा ऐकून राहिले, दोनदा ऐकून राहिले. ताकाला तिसऱ्यांदा पाल्दिएस झाल्यावर म्हणाले, "केवढीशी ती भाषा! बोलणारे किती असतील?" त्यांनी तिथल्या तिथे नातवाच्या मोबाइलवर बघायला लावलं. मग हिच्यापेक्षा मोठी पण देश नसलेली कुठली, असं विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं, "बलुची पाहा." बघितलं. बलुची कितीतरी पट निघाली. रावांचा चेहरा फुलला. या सगळ्या खुळाचा जन्म असा आंबट ताकावर झाला.

अक्का म्हणाली, "असूं दे. लहान असली तरी तीस देश आहे. तिकडे पाट्यांवर लिहितात, कचेरींत बोलतात. तुझ्या बलुचीस काय आहे? आणि आपणांस तरी काय आहे?"

"आपण दोघे आहोंत."

"तें तुझ्या वहींत. सरकारच्या वहींत मीं मागेंच तमिळ सांगितलें."

मागच्या जनगणनेत मातृभाषा विचारली तेव्हा तिने तमिळ सांगितलं होतं, असा त्याचा अर्थ. रावांनी हातातलं ताक ठेवलं, हात न धुता चपला घातल्या, आणि आम्हाला तिथेच पानावर सोडून बसस्टॉपवर चालायला लागले. आम्ही पायसम खाऊन निघालो. कोणाच्या भाषेसाठी पायसम सोडण्याएवढी मी शिकलेली नाही.

त्यानंतर सहा वर्षं बहीण-भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. सहा वर्षं हा माणूस समुद्रापलीकडच्या परक्या माणसांची शिरगणती करत होता. त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलू शकणारी या गावातली एकच बाई दोन बसच्या अंतरावर होती, आणि तिला तो फोन करत नव्हता. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं होतं. ते म्हणाले, "पुढील मोजणीस तिनें मराठी सांगावें. मग बोलेन." पुढची मोजणी काही येईना, लांबत राहिली. राव मात्र तयारीत होते. दारावर कोणी अनोळखी हातात कागद घेऊन आला की ते आतून मोठ्याने म्हणायचे, "मराठी!" वीजमीटर बघणाऱ्याला ते त्यांचं नाव वाटायचं.

मोजणी त्यांच्या हयातीत आली नाही. गेल्या वर्षी राव गेले. वही त्यांच्या मुलाने नेली, वाचता येत नाही तरी. पण मला जे सांगायचं आहे ते त्याआधीचं.

एका सकाळी अक्काचा फोन माझ्या मोबाइलवर आला. मुलाची बदली बेंगळूरला झाली, अड्यारचं घर सोडायचं ठरलं. "आणिक पंधरा दिवस आहें. गुडघे हे असे. परत येणें होणार नाहीं. त्यास सांगा."

मी वर जाऊन सांगितलं. राव खिडकीशी उभे होते. पाठ फिरवूनच म्हणाले, "सेरी." म्हणजे बरं. मग संध्याकाळी मला वर बोलावलं. हातात कोऱ्या कागदांचा गठ्ठा. म्हणाले, चिठ्ठी लिहितो, तुम्ही नेऊन द्या. ती चिठ्ठी लिहायला त्यांनी दोन दिवस घेतले. मला वाटलं, काहीतरी मायेचं लिहीत असतील. तिसऱ्या दिवशी सकाळी हातात दिली ती उघडीच होती, म्हणून मी वाचली. दोनच ओळी. पुढील जनगणनेस मी माझी मातृभाषा मराठी सांगेन, असे लिहून देत आहे. खाली सहीला जागा. सहीच्या बाजूला अंगठ्यालाही जागा.

"हे बहिणीला द्यायचं?"

"सही आणा. मग मीं येतों निरोप द्यावयास."

"आणि नाही केली तर?"

"तर नाहीं."

ते असं म्हणाले खरं, पण मी निघेपर्यंत जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. डॉक्टरांनी त्यांना जिने चढू-उतरू नका म्हणून सांगितलं होतं. दोघांपैकी कोणाला किती दिवस होते ते कोणालाही दिसत होतं. त्यांना सोडून.

मी अड्यारला गेले. अक्काच्या घरात खोकी बांधून ठेवलेली. तिने चष्मा लावून कागद वाचला. एकदा वाचला, उलटा करून मागे बघितलं, पुन्हा वाचला.

"एवढेंच?"

"एवढंच."

"अंगठ्यास जागा कां सोडली? मज लिहितां येत नाहीं काय? येऊन मागावयास पाय मोडले त्याचे?"

"पाय बरे आहेत. डोकं बरं नाही."

"मग त्यास सांगा, कीं—" आणि ती जे सुरू झाली ते पाच मिनिटं थांबली नाही.

मी हात वर केला. "अक्का, एवढं माझ्या लक्षात राहायचं नाही, आणि तुमच्यासारखं मला म्हणताही येत नाही. काय ते तुम्हीच येऊन बोला. मी पोस्टमन नाही."

तिने कागद माझ्या हातात कोंबला. मग सुनेला हाक मारून तमिळमध्ये सांगितलं, रिक्षा बोलाव.

रिक्षात मी तिला धरून बसवलं. घर आल्यावर जिन्याशी गेली, चार पायऱ्या चढली आणि गुडघे धरून पाचवीवर बसली. राव वर दारात आले. त्यांना उतरायची बंदी, तिला चढवेना. एक वर, एक खाली, मध्ये आठ पायऱ्या. मी खाली उभी. आमचे हे दारातून डोकावत होते.

"सही आणलीस?" राव म्हणाले. सहा वर्षांनंतरचा पहिला शब्द हा.

"सही! मोजणीवाली बाई आली, तिनें विचारलें, काय बोलतां. मीं घरांत पाहिलें. सून तमिळ बोलते. नातू इंग्रजी. कामवाली तेलुगू. नवरा जाऊन किती वर्षें झालीं. तूं महिन्यांतून एकदां येणार, ताक पिणार, आंकडे सांगणार आणि जाणार. मीं कोणाशीं काय बोलूं? ज्या भाषेंत दिवस जातो ती सांगितली. चुकलें काय?"

"एक कमी केलास!"

"मी एक आहें काय रे? मेंढरांत मोजतोस मला? त्या तिकडल्या बलुच्यांस ठाऊक तरी आहे काय, कीं इकडे एक म्हातारा बसून त्यांस मोजतो आहे? त्यांनीं तुला कधीं विचारलें, जेवलास काय? मीं विचारीत होतें. सहा वर्षें ताटावर बसतांना विचारीत होतें, तूं ऐकावयास नव्हतास एवढेंच."

"अक्का, तूं विषय—"

"वहिनी गेली तेव्हां काय म्हणालास? लोकांदेखत? एक कमी झाली! बायको मेली रे तुझी! तिच्या हातचें चाळीस वर्षें जेवलास. आंकडा होता तो?"

रावांनी कठडा धरला. तोंड लाल झालं, आणि मग ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले,

"पोदुम् अक्का! वाय मूडु!"

पुरे, तोंड मीट. तमिळमध्ये.

 पालेभाजीवाली रस्त्यावरून जात होती, ती थांबली.

अक्काने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि वर बघून अगदी सावकाश विचारलं, "हें काय होतें? बलुची कीं लाटवियन?"

आमचे हे दाराआड जाऊन हसले. मला हसू आलं नाही. कारण राव खाली बसले होते. पडले नाहीत, बसले. वरच्या पायरीवर, गुडघ्यात डोकं घालून. आयुष्यभर त्यांनी जी परीक्षा लोकांची घेतली तिच्यात ते स्वतः नापास झाले होते, आणि जिने सरकारला तमिळ सांगितलं होतं ती बाई एक तमिळ शब्द न वापरता अर्धा तास भांडली होती. हे मला चौथीवाल्या बाईला कळलं, तर त्यांना कळलंच असणार.

मग त्यांनी डोकं वर केलं.

"अक्का."

"काय?"

"आपण भांडूं लागलों म्हणजे आई काय म्हणत असे गे? हेंच, तोंड मिटा म्हणून? मज आठवत नाहीं."

अक्का विचारात पडली. ओठ हलवून बघितले. "तुला म्हणत असे, उगा राहा. मला म्हणे, उगी राहा."

आमच्या गावाकडे 'उगी उगी' हे रडणाऱ्या तान्ह्या पोराला मांडीवर थोपटताना म्हणतात. दुसरं कोणाला म्हणतात असं मी कधी ऐकलं नव्हतं.

"उगी राहा," राव म्हणाले. हळूच. मग बहिणीकडे बोट करून, जमेल तेवढ्या रागाने, "उगी राहा!"

"असें नव्हे. आई हात उगारून म्हणे."

त्यांनी हात उगारला. हाडं दिसत होती नुसती. "उगी राहा!"

अक्का गप्प झाली. अगदी गप्प. दोन्ही हात मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत बसली. एक मिनिट गेलं, दोन गेली. राव कठडा धरून उठले, एक पायरी उतरले. मी म्हटलं, राव, जिना. त्यांनी ऐकलं नाही. आणखी एक उतरले. असं करत करत तिच्या वरच्या पायरीवर येऊन बसले.

"बोल कीं," ते म्हणाले.

ती बोलेना.

"अगे, तें शिकण्यापुरतें म्हटलें. बोल. मीं नाहीं सही मागत." कागद माझ्या हातात होता, तो त्यांनी ओढून घेतला आणि ढुंगणाखाली घालून बसले. "बोल आतां. आणिक पंधरा दिवस आहेत."

"बारा," अक्का म्हणाली. "दोन दिवस तूं चिठ्ठींत घालविलेस, आजचा भांडण्यांत गेला."